अच्छा चांदोबा

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर लिहायचं हे फार दिवस मनात होतं. मुलगी लहान होती तेव्हा वेळ नव्हता, आणि ती कॉलेजात गेल्यावर वाटलं, आता विषय शिळा झाला. पण आमच्या ओळखीत हल्ली पुन्हा बाळं यायला लागली आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "कुठली पुस्तकं घ्यावीत हो? आणि इथली पुस्तकं वाचायची कशी, मराठीत की इंग्रजीत?" पहिल्या प्रश्नासाठी माझ्याकडे यादी तयार असते. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबतं आणि बायको समोरून डोळ्यांनी खुणा करायला लागते. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू.

आधी एक बारीकसा फरक सांगतो. आपण लहानपणी जी वाचली ती बहुतेक 'सचित्र' पुस्तकं होती. म्हणजे इसापनीती, त्यात मधूनमधून कोल्हा आणि द्राक्षं. चित्र काढून टाकलं तरी गोष्ट जागच्या जागी. चित्रपुस्तकाचं तसं नसतं. त्यात अर्धी गोष्ट शब्दांत असते, अर्धी चित्रांत, आणि कधी कधी दोघं एकमेकांना न सांगता आपापलं काम करत असतात.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स या ब्रिटिश चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द. एक कोंबडी आवारात फेरफटका मारायला निघते, तळं, गंजी वगैरे ओलांडून जेवायच्या वेळेला घरी परत येते. संपलं. शब्दांत एवढंच आहे. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे! तो दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा तोंडावर बसतो, मग तळ्यात पडतो, मग गवताच्या गंजीत, मग अंगावर पीठ सांडतं, शेवटी मधमाश्या मागे लागतात. शब्दांना या कोल्ह्याचा पत्ताच नाही. कोंबडीलाही नाही.

म्हणजे बघा, मोठा माणूस शब्द वाचतोय आणि मांडीवरचं दोन वर्षांचं पोर चित्र बघून ओरडतंय, "मागे बघ, मागे बघ!" ज्याला वाचता येत नाही त्यालाच सगळं ठाऊक आहे. मुलांना हे पुस्तक का आवडतं ते वेगळं सांगायला नको. दिवसभर त्यांना काहीच ठाऊक नसतं, सगळं आपणच त्यांना सांगत असतो. इथे उलट.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही राहतो ओहायोत. मुलगी इथलीच. ती वर्षाची झाल्यापासून दर शनिवारी आम्ही लायब्ररीतून पिशवी भरून पुस्तकं आणायचो. घरात बोलणं मराठीत, त्यामुळे पुस्तकही मी मराठीतच वाचायचो. फार विचार करून ठरवलं होतं असं नाही. पान इंग्रजी आणि तोंड मराठी, एवढंच. बोट शब्दांवरून फिरवायचं आणि मनाला येईल ते बोलायचं. तिला कुठे वाचता येत होतं!

मग २०१० साली माझी आई सहा महिन्यांसाठी आली. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. आईचं शिक्षण मराठी शाळेत जुन्या मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी अक्षरं ती ओळखायची, पाट्या वाचायची, पण इंग्रजी पुस्तक वाचून दाखवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. भारतात अख्खं घर चालवणारी बाई इथे येऊन पाहुणी झाली. गाडी चालवता येत नाही, फोन उचलला तर पलीकडचं कळत नाही, दारावर कुणी आलं तर आम्हाला हाक मारायची. आम्ही दोघं कामावर, त्यामुळे दुपारभर घरात ती आणि नात. पहिल्या आठवड्यात मुलगी पुस्तक घेऊन तिच्यापुढे उभी राहिली, "आजी, वाच." आईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "दे इकडे. चित्रं आहेत ना? मग झालं तर."

इथून पुढची यादी माझी म्हणण्यापेक्षा तिचीच आहे.

पहिलं अर्थातच एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. हे पुस्तक १९६९ सालचं. कार्ल एकदा पंच मशीनने कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडत होते, त्या भोकांवरून त्यांना पुस्तक खाणारा किडा सुचला. त्यांच्या संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा काही पटेना, आणि बोलता बोलता त्याचा सुरवंट झाला. लहान-मोठ्या आकाराची पानं आणि त्यांना पडलेली भोकं हे परवडेल अशा खर्चात छापून देणारा छापखाना तेव्हा अमेरिकेत मिळाला नाही, म्हणून पहिली छपाई जपानमध्ये झाली. चित्रंही रंगवून काढलेली नाहीत. कार्ल पातळ टिश्यू कागद आधी रंगवून ठेवायचे आणि मग ते कापून चिकटवायचे. त्यामुळे त्या सुरवंटाच्या हिरव्या रंगात ब्रशचे फराटे दिसतात.

सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी मात्र त्याचं ताळतंत्र सुटतं. केक, आइस्क्रीम, चीज, सलामी, टरबूज, जे दिसेल ते. रात्री पोट दुखतं. रविवारी एक हिरवं पान खाऊन बरं वाटतं.

आमच्या आईचा शनिवार आयुष्यभर उपासाचा. तिने ते पान उघडलं आणि खऱ्याखुऱ्या धक्क्याने म्हणाली, "अगं बाई, शनिवारी एवढं खातो हा?" मुलीला हे इतकं आवडलं की पुढचे सहा महिने ते वाक्य पुस्तकाचा भागच झालं. मी वाचताना ते गाळलं तर मला थांबवायची. पोटदुखीच्या पानावर आईने त्याला ओवा दिला. चित्रात ओवा कुठे आहे असं मुलीने विचारल्यावर आई शांतपणे म्हणाली, "खाल्ला ना त्याने. आता कसा दिसेल?"

सोमवार ते रविवार हे वार आमच्या मुलीला त्या सुरवंटाने शिकवले, मराठीत. आणखी एक गंमत. या पुस्तकावर कीटकशास्त्र जाणणाऱ्या लोकांचा एक जुना आक्षेप आहे. कार्ल यांनी फुलपाखरू 'ककून'मधून बाहेर काढलंय आणि ककून असतो पतंगाचा, फुलपाखराचा असतो 'क्रिसॅलिस'. मराठीत हा वाद उद्भवतच नाही. आपल्याकडे रेशमाच्या किड्याचाही कोष आणि फुलपाखराचाही कोषच. भाषांतरात गोष्टी हरवतात असं म्हणतात, इथे एक भांडण हरवलं.

दुसरं 'गुडनाइट मून'. मार्गारेट वाइज ब्राउन यांचं लेखन आणि क्लेमंट हर्ड यांची चित्रं, साल १९४७. हिरव्या भिंतींची एक मोठी खोली, पलंगावर सशाचं पिल्लू, आरामखुर्चीत विणत बसलेली म्हातारी ससीण. खोलीतल्या एकेका वस्तूला शुभरात्री म्हणत म्हणत पिल्लू झोपतं. दुसरं काही म्हणजे काही घडत नाही.

हे पुस्तक निघालं तेव्हा न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ते घेतलं नव्हतं. तिथल्या बालविभागावर अ‍ॅन कॅरल मूर यांचा मोठा प्रभाव होता आणि त्यांना ते आवडलं नव्हतं. लायब्ररीच्या कपाटात ते पोचलं १९७२ साली, म्हणजे २५ वर्षांनी. तोवर घराघरांत त्याची पारायणं सुरू होती. ब्राउन बाईंना ते बघायला मिळालं नाही, त्या १९५२ सालीच वारल्या, जेमतेम ४२ वर्षांच्या.

मराठीत वाचताना या पुस्तकाने मला फार छळलं. 'गुड नाइट'ला आपल्याकडे शब्द काय? 'शुभरात्री' आहे, पण ते आपल्यापैकी कुणी कुणाला घरात म्हटलंय का? आपण म्हणतो "झोपा आता", "दिवा घालव", फार तर "उद्या बोलू". खुर्चीला, मोज्यांना, कंगव्याला शुभरात्री म्हणायला लागलं की आकाशवाणीचं प्रक्षेपण संपतंय असं वाटतं. मी आपलं 'गुड नाइट'च ठेवलं होतं.

आईला असला काही प्रश्न पडला नाही. तिच्या दृष्टीने ते पिल्लू सगळ्यांचा निरोप घेत होतं. आणि निरोप घेताना लहान मूल काय करतं? अच्छा करतं. पाहुणे निघाले की आपण कडेवरच्या पोराला म्हणतोच ना, "अच्छा कर काकांना." तसं. अच्छा खुर्ची. अच्छा मांजरांनो. अच्छा चांदोबा. मुलगी प्रत्येक पानावर हात हलवायची. 'गुडनाइट मून'चं इतकं बिनचूक मराठी मला सात जन्मांत सुचलं नसतं.

त्या खोलीत एक उंदीर आहे. रंगीत पानांवर तो दर वेळी वेगळ्या जागी असतो, आणि मुलांना तो शोधायचा असतो. घड्याळं आहेत, ती पुस्तकाच्या सुरुवातीला सात दाखवतात आणि शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. खिडकीतला चंद्र हळूहळू वर येतो. पानागणिक खोलीतला उजेड कमी कमी होत जातो. हे सगळं आईने दाखवलं, कारण ती पुस्तक बघत होती. एकदा मला म्हणाली, "अरे, टेलिफोनला अच्छा केलाच नाही याने." पडताळून पाहिलं. खरंच, सुरुवातीला खोलीत काय काय आहे ते सांगताना टेलिफोन येतो आणि निरोपाच्या वेळी त्याचं नाव नाही! आईने तो आपल्या वाचनात घालून टाकला.

एक पान तर जवळजवळ कोरंच आहे. तिथे कुणीही नाही, आणि जो नाही त्याचाही निरोप घेतलेला आहे. मी हे पान भराभर उलटायचो, कारण काय बोलायचं ते कळायचं नाही. आई तिथे थांबायची. म्हणायची, "इथे अंधार आहे. अंधाराला पण अच्छा करायचं, म्हणजे भीती वाटत नाही." आमची मुलगी दिवा घालवल्यावर रडायची ती त्या महिन्यांत रडायची थांबली. पुस्तकामुळे थांबली की आजी शेजारी झोपायची म्हणून, देव जाणे.

तिसरं पुस्तक 'द स्नोई डे', एझ्रा जॅक कीट्स यांचं, १९६२ सालचं. लाल टोपडं आणि लाल कोट घातलेला पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेलं असतं आणि तो दिवसभर त्यात खेळतो. पीटर कृष्णवर्णीय आहे. पुस्तकात याचा उल्लेख एका शब्दानेही नाही, फक्त चित्रात आहे. त्या काळात अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांत असा मुलगा नायक म्हणून जवळजवळ दिसतच नसे. कीट्स यांनी १९४० साली 'लाइफ' मासिकात एका लहान कृष्णवर्णीय मुलाचे फोटो पाहिले होते. ते कापून ठेवले आणि वीसेक वर्षांनी त्यांच्यावरून पीटर काढला. १९६३ साली या पुस्तकाला कॅल्डकॉट पदक मिळालं. आणि २०२० साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या १२५ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली तेव्हा पहिला नंबर याचाच आला, ४,८५,५८३ वेळा. 'गुडनाइट मून' त्या दहांत नव्हतं. लायब्ररीने स्वतःच टीप दिली होती की १९७२ पर्यंत ते आमच्याकडे नव्हतंच, म्हणून मागे राहिलं!

आमच्या मुलीने पीटरच्या गालावर बोट ठेवून पहिल्यांदा जे म्हटलं ते असं, "हा आपल्यातला आहे." तिने रंग पाहिला होता. डे केअरमधल्या मुलांत ती एकटीच सावळी होती, हे अडीच वर्षांच्या पोराला कळत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "हो, आपलाच." आणि पान उलटलं. मला त्या क्षणी बरंच काही समजावून सांगावंसं वाटत होतं, पण पान पुढे गेलं होतं.

या पुस्तकाला मराठीत अडचण बर्फाची. आईच्या आयुष्यात बर्फ म्हणजे फ्रिजमधला, किंवा काठीवरचा लाल सरबत घातलेला गोळा. इंग्रजीत 'स्नो' वेगळा, 'आइस' वेगळा. आपल्याकडे दोन्ही बर्फच. 'हिम' म्हटलं तर हिमालय आठवतो. माझ्याकडे या बर्फासाठी काही शब्द होते ते कुठून आले याचा विचार केला, तेव्हा लक्षात आलं, रशियन पुस्तकांतून. माझ्या पिढीला आठवत असेल, मॉस्कोत छापलेली, प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची, गुळगुळीत कागदावरची मराठी पुस्तकं प्रदर्शनांत अगदी स्वस्त मिळायची. अनुवादक म्हणून अनिल हवालदार यांचं नाव अनेकदा असायचं. त्यांतली अस्वलं, लाकडी घरं, फरच्या टोप्या, दारापर्यंत साचलेला बर्फ... कोकणातल्या किंवा देशावरच्या पोराने बर्फ प्रथम पाहिला तो त्या पानांवर. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि ती पुस्तकं यायची बंद झाली. पण ते शब्द माझ्याजवळ राहिले होते, ते ओहायोत असे उपयोगी पडले.

पीटर खेळ संपवून घरी येताना बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो. रात्री बघतो तर खिसा ओला, गोळा नाही. त्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा आजी-नातींनी हा प्रयोग केला. आईने तिच्या स्वेटरच्या खिशात गोळा ठेवला. मी संध्याकाळी आलो तेव्हा रेडिएटरवर स्वेटर वाळत होता आणि दोघी गंभीर चेहऱ्याने "गेला" म्हणून सांगत होत्या.

चौथं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', मॉरिस सेंडाक यांचं, १९६३ सालचं. दंगा करतो म्हणून आई मॅक्सला न जेवता झोपायला पाठवते, त्याच्या खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो आणि शेवटी घरी परत येतो. जेवण वाट बघत असतं, अजून गरम. गोष्ट पुढे जाते तशी चित्रं मोठी होत जातात, शब्दांना बाजूला सारतात, आणि मधली सलग तीन जोडपानं तर नुसती चित्रंच आहेत, शब्द एकही नाही.

ते राक्षस कोण होते ते सेंडाक यांनी नंतर सांगितलं होतं. त्यांचे आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू. दर रविवारी नातेवाईक ब्रुकलिनच्या घरी जेवायला यायचे. मोठमोठे दात, नाकात केस, आणि लाडाने गालगुच्चे घेत "खाऊन टाकू का तुला" म्हणायचे. तेच हे! मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय, आमचे दादामामा तसेच होते." त्या तीन बिनशब्दांच्या पानांवर आई रंगात यायची. प्रत्येक राक्षसाला आमच्या गोतावळ्यातलं एकेक नाव मिळालं होतं. मुलीने त्या माणसांपैकी निम्मी अजून पाहिलेली नाहीत आणि आता पाहणारही नाही, पण नावं पाठ आहेत.

मला नंतर हे फार जाणवलं. सेंडाक यांच्या घरी यिडिश बोलायचे. कीट्स यांचे आईवडीलही पोलंडमधून आलेले ज्यूच. एरिक कार्ल जन्मले अमेरिकेत, सहा वर्षांचे असताना आईवडील त्यांना जर्मनीत घेऊन गेले, आणि ते परत आले थेट १९५२ साली. शाळेत एक भाषा आणि घरात दुसरी, हे ज्यांनी लहानपणी अनुभवलं त्यांतल्या काही जणांनी ही पुस्तकं केली. अमेरिकन बालपणाची म्हणून जी ओळखली जातात ती ही. त्यामुळे ओहायोतल्या एका घरात ती मराठीत वाचली गेली, तर पुस्तकांना त्याचं काही विशेष वाटलं नसावं.

मराठी पुस्तकंही होती. आईने येताना बॅगेतून माधुरी पुरंदरे यांचं ज्योत्स्ना प्रकाशनाचं 'राधाचं घर' आणलं होतं. लिहिलंय त्यांनीच आणि चित्रंही त्यांचीच. त्यात मोठी गोष्ट नाही. घर, घरातली माणसं आणि त्यांचं रोजचं वागणं. मराठीत लहानांसाठी लिहिताना जी एक गोड गोड, वाकून बोलण्याची सवय आहे, ती तिथे नाही. राधाच्या घरातली माणसं आणि आमच्या घरातली माणसं यांच्या जोड्या लावणं हा दुपारचा उद्योग होता. आता तर बरं आहे, प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीविव्हर' सुरू केल्यापासून मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचायला मिळतात, परदेशातही. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी जरूर बघावीत.

आई परत गेली. पुढे मुलगी किंडरगार्टनला जायला लागली, पाच-साडेपाच वर्षांची झाली. एका रात्री मी नेहमीप्रमाणे 'अच्छा चांदोबा' वाचत होतो आणि तिने माझं बोट धरून थांबवलं.

"बाबा, इथे अच्छा नाही लिहिलेलं. इथे जी आहे. जी, ओ, ओ, डी."

मी म्हटलं, हो, इंग्रजीत लिहिलंय, आपण मराठीत वाचतो.

तिने थोडा विचार केला. "मग आजी काय वाचायची? आजीला तर इंग्लिश येत नाही."

"आजी चित्रं वाचायची."

तिने पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "टेलिफोन पण नाही लिहिलेला."

त्यानंतर वर्षभरात ती स्वतः वाचायला लागली, इंग्रजीत, फडाफडा. मला वाचून दाखवायला लागली. कुठल्याही बापाला होतो तसा मलाही आनंद झाला. पण त्याबरोबर पुस्तकांमधलं मराठी थांबलं, हेही खरं. छापलेलं ते खरं आणि बोललेलं ते वरचं, असं शाळा न शिकवताही शिकवते. ती मराठी बोलते अजून, पण अडखळत, आणि उत्तरं इंग्रजीत येतात. ज्यांची मुलं इथे वाढली त्यांना हे सांगायला नको. अडीच वर्षांच्या पोराला मराठीत पुस्तक वाचलं की भाषा टिकते, असं औषध मी कुणाला देणार नाही.

आई २०१९ साली गेली. मागच्या थँक्सगिव्हिंगला मुलगी सुट्टीवर घरी आली होती आणि माझ्या चुलतभावाचं दोन वर्षांचं नातवंड आमच्याकडे होतं. जेवणानंतर ते कुरकुरायला लागलं तेव्हा मुलीने कपाटातून 'गुडनाइट मून' काढलं आणि त्याला मांडीवर घेतलं. सुरुवातीची पानं तिने इंग्रजीत वाचली, आहेत तशी. निरोपाची पानं आली आणि ती मराठीत शिरली. अच्छा चांदोबा. अच्छा खुर्ची. अच्छा टेलिफोन. कोऱ्या पानावर थांबली. ते पोर हात हलवत होतं. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो, नळ बंद केला.

नंतर मी तिला विचारलं, तू मराठीत का वाचलंस? ती म्हणाली, "डॅट पार्ट इज इन मराठी, बाबा."

तर दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. आईबाबांनी त्यांना जमेल त्या भाषेत वाचावं. पण घरी आजी-आजोबा आले असतील आणि त्यांना इंग्रजी येत नसेल, तर आधी गोष्ट समजावून सांगायला बसू नका, भाषांतर लिहून देऊ नका. पुस्तक हातात द्या, मूल मांडीवर द्या आणि तुम्ही कामाला जा. उंदीर कुठे आहे तो त्यांचा त्यांना सापडेल.